उमापूर रस्त्यावरचं २५२३ सीसी

गेवराईहून शेवगावकडे निघालं की वाटेत उमापूर लागतं. गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाचं, कापसाच्या आणि उसाच्या मुलखातलं गाव. या भागाला रेल्वे कधी मिळाली नाही. खुद्द बीड शहरात पहिली प्रवासी गाडी पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, आणि त्या मार्गाच्या मंजुरीला तोवर तीस वर्षं होऊन गेली होती. त्यामुळे कापूस, मोसंबी, शेळ्या, खत, सिमेंट, दुष्काळात पाण्याच्या टाक्या आणि हंगामात ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचा संसार, सगळं रस्त्यानंच गेलं. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यातला मोठा वाटा डिझेल पिकअपनं उचलला. पिकअप चालू ठेवणारे मिस्त्री मात्र या इतिहासात कुठे दिसत नाहीत. दिसले तर एका ठरावीक वाक्यात दिसतात: जुने मिस्त्री कानानं ऐकून अंदाजानं काम करायचे, आता गाडीत कॉम्प्युटर आला, त्यांचा जमाना संपला. या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत, असं माझं म्हणणं आहे. गावातल्या डिझेल मिस्त्रीचं काम अंदाजाचं नव्हतं, ती पुराव्यावर चालणारी पद्धत होती. आणि आज तिची अडचण झाली आहे ती पद्धत जुनी झाल्यामुळे नाही. इंजिनाचा पुरावा पूर्वी उघड्यावर होता, तो आता कुलपात गेला आहे.

हे सिद्ध करायला कागदपत्रं मिळणार नाहीत. रस्त्याकडेच्या गॅरेजला दप्तर नसतं. असलीच तर उधारीची वही, आणि ती वसुली झाली की फाटते. मात्र इतिहासाची साधनं कागदीच असावी लागतात असं नाही. इंजिन हाही एक दस्तऐवज आहे, आणि कागदापेक्षा त्याला खोटं बोलणं अवघड जातं. सिलिंडरचा व्यास, पिस्टनची चाल आणि सिलिंडरची संख्या ठाऊक असेल तर त्या इंजिनाचं घराणं काढता येतं. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या इंजिनाची क्षमता २५२३ सीसी. व्यास ८८.९ मिलिमीटर, चाल १०१.६ मिलिमीटर, सिलिंडर चार. मिलिमीटरमध्ये हे आकडे विचित्र वाटतात. इंचात मांडले की साडेतीन आणि चार, अगदी नेमके. मेट्रिक मापं सरकारी झाल्याला साठ वर्षं होऊन गेलेल्या देशात मालवाहू गाडीचं इंजिन इंचात का, या प्रश्नाचं उत्तर ट्रॅक्टरपाशी मिळतं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यात १९५० च्या दशकात बी-२५० आणि बी-२७५ हे ट्रॅक्टर बनत. बी-२७५ चं इंजिन चार इंच चालीचं आणि सव्वातीन इंचांहून किंचित मोठ्या व्यासाचं. त्याच घराण्यातला पुढचा भाऊ साडेतीन इंच व्यासाचा. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि बी-२७५ भारतात बनू लागला. पुढे महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये एमडी-२३५० नावाचं इंजिन आलं. सव्वातीन इंचांवर आणखी एक अष्टमांश इंच धरून चार इंच चालीनं गुणाकार करून पाहा, २३४५ सीसी भरतात. नांगराचं इंजिन जीपमध्ये आलं आणि त्याचा थोरला भाऊ पिकअपमध्ये.

हे घराणं इतकं बारकाईनं सांगण्याचं कारण पुढे येईल. आधी रस्त्याबद्दल थोडं. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानानं १९३२ च्या जूनमध्ये सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली, तीही रेल्वेच्याच हाताखाली. माल मात्र बैलगाडीनं जाई, आणि गेवराई भागातल्या कापसाला आगगाडी भेटायची ती गोदावरी ओलांडून जालन्याला. त्या काळात उमापूरच्या परिसरात मोटार बिघडली तर दुरुस्ती हा धंदा व्हावा इतक्या मोटारीच नव्हत्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटीचं जाळं या बाजूला पसरलं, तेव्हा गेवराईचं आगार आणि औरंगाबादजवळची चिकलठाण्याची मध्यवर्ती कार्यशाळा या दोन जागी डिझेलचं काम शिस्तीत शिकण्याची सोय झाली. १९५० पासूनची आयटीआयची योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा यांनी त्यात भर घातली. तरीही गावातल्या मिस्त्रीची पहिली शाळा आगार नव्हती. ती विहीर होती.

मोटेच्या जागी विजेचा पंप आला असं आपण सरसकट म्हणतो, पण मधली एक पिढी आपण विसरतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये, आणि मराठवाड्याच्या शिवारात तारा पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात विहिरीवर डिझेलचं ‘इंजन’ होतं. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली. साताऱ्याजवळची कूपर त्याहून जुनी. राजकोटकडची संथ फिरणारी, जड चाकांची इंजिनंही सगळीकडे पोचली. किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं एकसिलिंडरी इंजिन म्हणजे डिझेल विद्येचं पहिलं पुस्तक. त्यात लपवण्यासारखं काही नाही. टाकीतून डिझेल फिल्टरमध्ये, फिल्टरमधून पंपात, पंपातून बारीक पोलादी नळीनं नोझलला, आणि नोझलमधून फवारा. एवढ्या वाटेवर बिघाड कुठे होऊ शकतो, याच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतात. पाणी ऐन भरात असताना इंजिन बंद पडलं तर तालुक्याला जाऊन माणूस आणण्याइतका वेळ नसे, उसाला पाळी चुकली की नुकसान ठरलेलं. म्हणून शेतकऱ्याच्या घरातला एखादा पोरगा हवा काढायला, नोझल उघडून धुवायला, व्हॉल्व्हची फट बसवायला शिके. पंप आणि नोझल हे डिझेल इंजिनाचं सगळ्यात नाजूक अंग. पिस्टन-रिंगांच्या मापाला केसाएवढी फट चालते, पण पंपाच्या प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत यशस्वी झालं, तरी ते ट्रकमध्ये बसायला तीसेक वर्षं लागली, कारण इतक्या बारकाईचा पंप कारखान्यात हजारोंनी बनवणं जमत नव्हतं. बॉशला ते जमलं १९२७ मध्ये. भारतात त्याच बॉशच्या सहकार्यानं बंगळुरूला १९५१ मध्ये मायको निघाली आणि १९७० च्या आसपास नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. विहिरीवरचं इंजिन, शेतातला ट्रॅक्टर, रस्त्यावरचा ट्रक, सगळ्यांत मायकोचीच नोझल. जो पोरगा विहिरीवर नोझल धुवायला शिकला, त्याला ट्रकचं नोझल परकं वाटण्याचं कारण नव्हतं.

इथे परवाना राज्याचा उल्लेख करावा लागतो, आणि जरा उलट्या बाजूनं. परवाना-कोट्याच्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि गाड्यांत सुधारणा म्हणून होत नसे, ही तक्रार खरीच आहे. पण याच गोठलेपणानं गावातल्या मिस्त्रीचं ज्ञान टिकाऊ केलं, याकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकांचं लक्ष जात नाही. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्यानं जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, १९६९ मध्ये करार संपला, तरी इंजिनाची जात तीच राहिली. टाटाच्या ६९२ इंजिनाचं नाव म्हणजे सहा सिलिंडर आणि ब्याण्णव मिलिमीटर व्यास. ६९७ म्हणजे सहा आणि सत्त्याण्णव. १९८६ मध्ये पुण्याहून टाटा ४०७ निघाली. पुढे या वर्गाच्या गाड्यांत गाजलेलं ४९७ म्हणजे त्याच व्यासाचे चार सिलिंडर. महिंद्रानं १९८० च्या दशकात जीपमध्ये घातलेलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० इंजिनही तसंच: चार सिलिंडर, नव्वद मिलिमीटर. इंजिनाचं नाव सांगितलं की दुकानदाराला रिंगांचं माप कळे आणि लेथवाल्याला बोअर कितीपर्यंत मारता येईल ते कळे. बजाज टेम्पोच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजचं ओएम-६१६ आलं, ते पुढे ट्रॅक्समध्येही चाललं. म्हणजे १९६० ते २००० या चाळीस वर्षांत गेवराई-शेवगाव रस्त्यावरून जी डिझेल वाहनं गेली त्यांत इंजिनांची घराणी मोजून पाच-सहा. शागिर्दानं उस्तादाकडून शिकलेलं त्याच्या हयातीत शिळं झालं नाही. कोणत्याही कारागिरीला मुरायला एवढाच अवधी लागतो.

आता त्या कानाबद्दल. मिस्त्री इंजिन ऐकून दोष सांगतो, याचं आपल्याला फार कौतुक. त्या कौतुकात थोडा अपमानही दडलेला आहे, कारण कान म्हटलं की ती देणगी ठरते, विद्या ठरत नाही. प्रत्यक्षात तो ऐकतो ते सगळ्यात शेवटी. आधी विचारतो: सकाळी एका सेल्फला चालू होते का, चढाला उचलते का, ऑइल किती खाते, पाणी किती कमी होतं, डिझेल कुठल्या पंपावर भरलं. मग धूर पाहतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तेव्हा आधी एअर फिल्टर, मग नोझल, मग पंप. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्ह गाइड. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा पाणी आत शिरतंय. थंड इंजिनात तो थोडा वेळ चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटकडे पाहायचं. ऑइलच्या टोपणातून वाफा मारतात का, हे पाहून रिंगांची हालत कळते. आणि इंजिन मिसिंग मारत असेल तर त्यानंतर येतो या विद्येतला सगळ्यात सुंदर प्रयोग. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट पान्यानं थोडा सैल करतो. त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. आवाज बदलला, इंजिन थरथरलं, तर तो सिलिंडर आतापर्यंत काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरचा. मग त्याचं नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावायचं. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल खराब. जागेवर राहिला तर आतलं कॉम्प्रेशन गेलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि फरक पाहायचा, याला प्रयोगशाळेत नियंत्रित प्रयोग म्हणतात. रस्त्याकडेला, बाभळीच्या सावलीत, दहा-अकराच्या आणि चौदा-पंधराच्या पान्यांवर तो रोज होत आला आहे. गॅरेजमध्ये त्याला कुणी विज्ञान म्हटलं नाही म्हणून तो अंदाज ठरत नाही.

हा प्रयोग शक्य होता, कारण इंजिनाचा पुरावा उघडा होता. धूर डोळ्यांना दिसत होता, नट हातानं सैल होत होता, नळीतला दाब शे-दोनशे बारचा होता. पुरावा कुणालाही तपासता येत होता, म्हणून मिस्त्री चुकला तर गाडीमालकाला दुसऱ्याकडे जाऊन खातरजमा करता येत होती. भेसळ पकडण्याचं कामही याच उघडेपणामुळे गॅरेजमध्ये झालं. डिझेलच्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं; त्यात रॉकेल मिसळलं की वंगण कमी होतं आणि प्लंजर घासतो. चांगल्या पंपाचे एलिमेंट वेळेआधी गेलेले दिसले की कोणत्या पेट्रोल पंपावरच्या गिऱ्हाइकांचे जास्त जातात, हे मिस्त्रीला कुठल्याही तपासनिसाच्या आधी कळे.

पिकअप गावात कशी रुजली, याला कायद्याचाही एक हात आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ३००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटच्या अटीतून सोडलं. पिकअपच्या अनेक आवृत्त्यांचं कागदावरचं वजन या रेषेच्या जरासं अलीकडे का थांबतं, हे यावरून लक्षात येईल. ट्रक घेणं म्हणजे परमिट, बिल्टी, ट्रान्सपोर्टवाला, नाक्यावरची मगजमारी. पिकअप घेणं म्हणजे फायनान्स आणि एक ड्रायव्हर, बहुधा घरचाच. २००५ मध्ये टाटा एस आली, दोन सिलिंडरचं सातशे सीसी इंजिन घेऊन, आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. पण बीडच्या कच्च्या-पक्क्या रस्त्यावर आणि कापसाच्या ढिगाखाली खरी टिकली ती मोठी पिकअप. कापूस हलका पण अवाढव्य, ऊस जड, मोसंबी नाजूक. एकच गाडी तिन्ही वाहते आणि गणपतीत, लग्नसराईत डीजेचे भोंगेही वाहते. (इंजिनाच्या दृष्टीनं ही शेवटची मजुरी सगळ्यात वाईट. चार-चार तास पहिल्या गिअरवर रांगत चालायचं, रेडिएटरला वारा नाही, आणि समोर नाचणाऱ्यांना काट्याकडे बघायला सांगणार कोण.)

या भागातला बिघाडही या भागाचाच असतो. काळ्या मातीची धूळ बारीक आणि घासणारी. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरना ऑइलबाथ एअर फिल्टर असायचा, म्हणजे खाली वाटीत ऑइल. धूळ त्यात बसायची, वाटी डिझेलनं धुतली आणि नवं ऑइल ओतलं की काम झालं. कागदी फिल्टर आल्यावर तो झटकून पुन्हा लावायची सवय लागली. झटकताना कागदाला भोक पडतं, आणि तेवढ्या भोकातून गेलेली धूळ एका हंगामात बोअर खाते. वेचणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकतात, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात ओव्हरलोड. हेड गॅस्केट उडायला आणखी काही लागत नाही. देखभालीचं पत्रक कारखान्यात लिहिलं जातं ते सरासरी रस्त्यासाठी. गेवराई भागात त्यातले फिल्टरचे आणि ऑइलचे अंतराचे आकडे कमी करून पाळावे लागतात, हे गावच्या मिस्त्रीला कळतं, कारण खराब झालेली इंजिनं त्याच्याच हातात उघडली जातात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मी मिस्त्रीला फार डोक्यावर घेतो आहे. आक्षेप खोटा नाही. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकायचा, ही आपल्याकडची सर्रास चाल आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, डिझेल पुरतं जळत नाही, ऑइल खराब होतं आणि झीज वाढते. मूळ दोष बहुधा तुंबलेल्या रेडिएटरचा किंवा गेलेल्या वॉटर बॉडीचा असतो, तो तसाच राहतो. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देणं हीसुद्धा मागणीवरून होणारी चूक; गाडी दोन महिने चढाला छान उचलते, मग काळा धूर आणि जळालेले पिस्टन. लाल, निळे, हवे ते कूलंट मिसळणं, ट्रॅक्टरचं ऑइल पिकअपला घालणं, नकली बेअरिंग बसवणं, यादी लांबेल. पण यातल्या प्रत्येक चुकीचं मूळ पाहिलं तर ते एक तर गिऱ्हाइकाच्या खिशात असतं, नाही तर मिस्त्रीपर्यंत न पोचलेल्या माहितीत. कंपनीचं दुरुस्तीपत्रक गॅरेजला मिळालंच नाही. ते इंग्रजीत होतं आणि कंपनीच्या डीलरपाशी होतं. ज्या गोष्टी प्रयोगानं कळू शकतात त्या मिस्त्रीनं शोधून काढल्या. ज्या फक्त आराखडा करणाऱ्यालाच ठाऊक असतात, तिथे तो चुकला. पद्धत बरोबर असूनही माहितीअभावी निष्कर्ष चुकणं हे डॉक्टरांच्याही वाट्याला येतं.

मग आले बीएसचे, म्हणजे भारत स्टेजचे, टप्पे. वाहनांच्या धुराचे नियम देशात १९९० च्या दशकात सुरू झाले, २००० पासून युरोपच्या धर्तीवर टप्पे पडले, बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. डिझेलमधलं गंधक बीएस-३ च्या काळात दशलक्षात ३५० भाग होतं, बीएस-४ ला ५० आणि बीएस-६ ला १०. इंजिनावर याचा परिणाम असा झाला की यांत्रिक पंप गेला आणि कॉमन रेल आली. आता एक पंप सगळं डिझेल एका नळकांड्यात प्रचंड दाबानं भरून ठेवतो, दीड हजार बारच्या आसपास, आणि प्रत्येक इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा हे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. धूर गाळायला डीपीएफ आलं. आणि इथेच मघाच्या घराण्याच्या गोष्टीचा उपयोग आहे. एवढं सगळं बदलूनही बोलेरो पिकअपचं इंजिन राहिलं २५२३ सीसीच. साडेतीन इंच बाय चार इंच. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन यांची मूळ मांडणी ट्रॅक्टरच्या काळापासून ओळखीची. लोखंड तेच राहिलं, त्याच्या दोषाचा पुरावा मात्र धुरातून आणि नळीतून उठून पेटीत जाऊन बसला. नट सैल करून सिलिंडर तपासायचा प्रयोग आता जिवावर बेतू शकतो, कारण एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला कोड अनेक गाड्यांत पेटीला सांगावा लागतो, नाही तर इंजिन नीट चालत नाही. तो सांगायला कंपनीचं किंवा त्याच्या तोडीचं स्कॅनर लागतं. उद्या जुने मिस्त्री मागे पडले तर ते ‘इंजिन बदललं’ म्हणून पडले असं म्हणता येणार नाही. इंजिन बदललंच नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: स्कॅनर लावलं की दोष पडद्यावर येतो, मग मिस्त्रीच्या त्या पद्धतीची गरज काय? यात गफलत आहे. पडद्यावर येतं ते लक्षण. समजा कोड आला की रेलमधला दाब कमी आहे. याची कारणं किमान पाच: डिझेल फिल्टर तुंबला, खेचणाऱ्या नळीतून हवा शिरतेय, मोठा पंप झिजला, दाब राखणारा व्हॉल्व्ह अडकला, किंवा एखादा इंजेक्टर आतून गळून डिझेल माघारी सोडतोय. यातलं कोणतं, हे ठरवायला पुन्हा तीच रीत लागते. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि कोणती बाटली लवकर भरते ते पाहायचं. नट सैल करण्याचाच हा नवा अवतार आहे. ज्याला ही रीत येत नाही तो कोड वाचून सेन्सर बदलतो, मग दुसरा सेन्सर, मग इंजेक्टरचा अख्खा संच, आणि बिल वाढतं. शहरातल्या चकचकीत वर्कशॉपातही असं होतं; फरक एवढाच की तिथलं बिल छापील असतं. डीपीएफचंही तेच. त्यात साठलेली काजळी जाळायला बाहेर पडणारा वायू सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, म्हणजे गाडी काही वेळ सलग वेगानं चालावी लागते. गावातून शेतात, शेतातून जिनिंगला, मधे तासभर चालू इंजिनावर उभी, अशा फेऱ्यांत ते होत नाही. दिवा लागतो, गाडीचा जोर कापला जातो आणि शेवटी स्कॅनरनं आज्ञा देऊन ती काजळी जाळावी लागते. गाडीचा दिनक्रम काय हे विचारल्याशिवाय हा दोष कायमचा सुटत नाही. आणि प्रश्न विचारण्यापासून सुरुवात करायची सवय कोणाची, ते वर आलंच आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. डिझेलचा धूर माणसं मारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. काळा धूर ओकणारी पिकअप शाळेसमोरून जाते तेव्हा तिच्या उघड्या पुराव्याचं कौतुक करणं क्रूरपणाचं होईल. बीएस-६ हवंच होतं. काही गॅरेजमध्ये डीपीएफ आतून पोकळ करून देतात, ते चूकच आहे. पण धूर कमी करायचा तर गाडी शेवटपर्यंत नीट दुरुस्त होत राहिली पाहिजे, आणि पिकअपच्या आयुष्यातली पहिली काही वर्षं सोडली तर बाकीची वर्षं ती डीलरकडे जात नाही, गावातल्याच मिस्त्रीकडे जाते. त्याच्या हातात माहिती नसेल तर तो डीपीएफ पोकळ करेल, कारण त्याला तेवढंच करता येण्यासारखं ठेवलेलं असतं. ज्या युरोपकडून आपण धुराच्या मर्यादा घेतल्या, त्यांच्या २००७ च्या ७१५ क्रमांकाच्या नियमावलीत, जिच्यामुळे तिथे युरो-५ आणि युरो-६ आले, तिच्या शीर्षकातच वाहनदुरुस्तीची माहिती मिळण्याचा विषय आहे. धुराची मर्यादा आणि दुरुस्तीची माहिती या दोन गोष्टी त्यांनी एकाच कायद्यात बसवल्या, कारण पहिली दुसरीशिवाय टिकत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये कौल देऊन हाच हक्क मागितला.

आपल्याकडेही प्रश्न अजिबात उठला नाही असं नाही. स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी मोटारी बनवणाऱ्या चौदा कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. ठपका असा की सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत. तो आदेश मोटारींबद्दल होता, पुढे तो न्यायालयांत अडकला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं या दोन्ही क्षेत्रांची नावं घेतली. ट्रॅक्टर आणि पिकअप एकाच घराण्यातले, हे निदान त्या यादीत तरी मान्य झालं. मात्र या हक्काचा वेगळा कायदा अजून झालेला नाही. तो होईपर्यंत तालुक्याच्या पातळीवर एक गोष्ट करता येण्यासारखी आहे आणि तिला दिल्लीची परवानगी लागत नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग संध्याकाळी मोकळा असतो. तिथे चांगलं स्कॅनर, इंजेक्टर तपासायचा बाक आणि कंपन्यांची दुरुस्तीपत्रकं मराठीत ठेवावीत, आणि चालू गॅरेजवाल्यांना माफक शुल्कात ती वापरू द्यावीत. शिकवायला बाहेरचा माणूस आणायचाच असेल तर त्यानं आधी गॅरेजवाल्यांना चार प्रश्न विचारू द्यावेत. आमदार निधीतून कमानी आणि सभामंडप होतात, तर या कामाला पैसे कमी पडण्याचं काही कारण नाही. गेवराईच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी ही मागणी लेखी करावी.